पांढरी पाच, किंचित चढी

नाशिक रोड,
रविवार दुपार (पप्पा झोपलेत, म्हणून लिहायला बसले)

तीर्थरूप बारकूमामांना चैतालीचा सविनय आणि कडकडीत जय भीम.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तिकडे तुमचा गुडघा, मामींचं बीपी, दारातली शेळी आणि संगम बँजो पार्टी, या सगळ्यांच्या तब्येती कशा आहेत ते कळवा. गुडघ्याचं जरा खरं कळवा. (दिवाळीत तुम्ही फोनवर 'एकदम टकाटक' म्हणालात आणि त्याच वेळी मागून मामी सांगत होत्या की टेम्पोत चढवायला दोन माणसं लागतात.) मम्मीने पाठवलेलं कैरीचं लोणचं पोचलं असेल असं धरून चालते. शेजारच्या कुसाबाईंनीही तुमची आठवण काढली, म्हणजे तुमच्या नाचाची. तो विषय मी वाढवला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हातात एवढा मोठा मोबाईल असताना ही पोरगी कागद का काळे करते. तर मामा, घरच्या ग्रुपमधून तुम्ही 'लेफ्ट' झालात. व्हॉइस मेसेज तुम्ही ऐकत नाही, कारण त्यात शेवटी मम्मी रडते. आणि फोन केला की मागून पप्पांचा नुसता खोकला ऐकू आला तरी तुमच्या नांदगावची रेंज जाते. पत्राचं बरं असतं, त्याला रेंज लागत नाही. तुम्ही चिडून फेकलंत तरी ते खाटेखालीच पडेल आणि मामी झाडताना परत वर काढून ठेवतील.

काकांच्या सनीच्या हळदीला जे झालं ते मला उकरून काढायचं नाही. एकदाच काढते आणि लगेच बुजवते, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. दोन गाण्यांच्या मध्ये तुम्ही पाणी प्यायला थांबलात, बँजो चालूच होता, आणि भोंग्यातून त्याची ती नेहमीची भुंऽऽऽ सुरू होती. पप्पा सनीच्या सासऱ्यांशेजारी बसले होते. ते म्हणाले की बारकू, आधी ती भुणभुण बंद कर, माणसं जेवायला बसलीत का गोठ्यात. एवढंच. पण त्यांच्या हातात आहेराची नावं वाचायचा माईक होता आणि तो चालू होता. अख्ख्या मांडवाने ऐकलं. तुम्ही बँजो पेटीत घातलात, न जेवता उठलात आणि मिळेल त्या गाडीने नांदगावला गेलात. तेव्हापासून तुम्ही नाशिकची पायरी चढला नाहीत आणि पप्पा 'मी आवाजाला बोललो, माणसाला नाही' हे एकच वाक्य घरातल्या भिंतींना समजावून सांगताहेत. मम्मी दोघांच्या मध्ये वाळत चाललीय. झालं, बुजवलं.

आता गिटारचं. मी शाळेत नोकरीला लागले तेव्हा तुम्ही मला जी लाल गिटार आणून दिलीत ती ठणठणीत आहे. फक्त ती तुमच्या बँजोची सख्खी बहीण निघाली. तिच्या तारांखाली जे पिकअप आहेत ते सिंगल कॉइलचे. म्हणजे लोहचुंबकाभोवती तांब्याच्या तारेचा एकच वेढा, तुमच्या बँजोत असतो तस्सा. तो तारांचा आवाज तर पकडतोच, पण शेजारची ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, कुसाबाईंचा मिक्सर, जे म्हणून विजेवर चालतं ते सगळं पकडून भुंऽऽऽ करत बसतो. डबल कॉइलवाल्या गिटारी असतात, त्यात दोन उलटसुलट वेढे एकमेकांची भुणभुण मारून टाकतात. आपली तशी नाही. त्यामुळे मी घरात गिटार लावली की पप्पांना वाटतं तुम्हीच हॉलमध्ये येऊन बसलात. ते पेपर घडी करून गच्चीवर जातात. (त्यांचं ठाम मत आहे की तुम्ही ही गिटार सूड म्हणून दिली. हळद गेल्या वर्षीची आणि गिटार त्याच्या खूप आधीची, हे मी सांगून पाहिलं. पण पाटबंधारे खात्यातल्या माणसाला तारखांचं काय सांगणार!)

आमच्या बँडचं नाव 'फ्यूज'. आम्ही तिघंच. पायल गाते आणि बेस वाजवते. तिच्या घरच्यांचा पंचवटीत भाजीचा गाळा आहे, लहानपणापासून ती तिथे मेथीचा भाव ओरडत आलीय, त्यामुळे तिला माईक हा केवळ शोभेसाठी लागतो. बंटी ड्रम वाजवतो. तो आधी ढोल पथकात होता, देवळाली कॅम्पला राहतो, आणि आम्ही त्याच्याच घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सराव करतो. तिथली माणसं तोफांच्या आवाजावर दुपारची झोप काढणारी, आमच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. उलट एक सुभेदार काका येऊन विचारून गेले की आज बंद का. आम्ही पंक आणि हार्ड रॉक वाजवतो. मामी विचारतील हे काय असतं, तर त्यांना सांगा की पंक म्हणजे तीन सूर, पोटभर राग आणि चहा गार व्हायच्या आत गाणं खलास. हार्ड रॉक म्हणजे तोच राग, पण जरा सावकाश आणि केस वाढवून.

तर भांडण असं लागलं की बंटी आणि पायल दोघांचं म्हणणं, सिंगल कॉइलवर असलं संगीत होतच नाही. संगीताच्या दुकानातला माणूसही तेच म्हणाला, की ताई, ही गिटार गोड गाण्यांची, तुम्हाला पाहिजे जाडजूड डबल कॉइल. तो गिटारच्या पोटाला पटाशी लावून मोठं भोक पाडून ते बसवून देणार होता. मी म्हटलं, माझ्या मामाने दिलेल्या गिटारला पटाशी लावाल तर मी तुमच्या काउंटरला लावीन. (हे मी मनात म्हटलं. तोंडाने 'विचार करून सांगते' म्हटलं.) शेवटी ठरलं की कॉलेज रोडच्या हॉलमध्ये रॉक बँडची स्पर्धा आहे, तिथे ही गिटार अशीच वाजवायची. नाही जमलं तर सोमवारी पटाशी.

मग मी उपायांना लागले. एका व्हिडिओत पाहिलं की गिटारच्या पोटात आतून चांदीच्या कागदाचं अस्तर लावलं की भुणभुण थांबते. मम्मीचा पोळ्या गुंडाळायचा अख्खा रोल मी गिटारच्या पोटात घातला. आणि खरंच, भुणभुण एकदम बंद! घरात काय शांतता, मामा! इतकी की मी तार छेडली तरी शांतताच. कागद आतल्या वायरीला चिकटला होता आणि भुणभुणीबरोबर गिटारही मेली होती. ते सगळं सोलून काढताना रात्रीचं जेवण झालं, आणि पप्पांच्या डब्यातल्या पोळ्या पुढचा आठवडाभर वर्तमानपत्रात गुंडाळून गेल्या. ऑफिसात त्यांना कुणीतरी विचारलं म्हणे, साहेब, घरी सगळं ठीक ना?

दुसरा उपाय, दोन पिकअप एकदम चालू करायचे. त्याने भुणभुण जाते, पण आवाज असा काही लाडिक येतो की त्यावर माणसाला चिडताच येत नाही. आमचं 'टँकर' नावाचं गाणं आहे, पाणी येत नाही त्यावर. ते या आवाजात वाजवलं तर पायल म्हणाली की असं वाटतंय, टँकर आला नाही तरी चालेल, तू सुखी राहा. तिसरा उपाय मात्र लागू पडला, आणि तो उपाय नव्हताच. एक दिवस मी वैतागून आवाज फोडायचं बटण, ज्याला गेन म्हणतात, ते निम्म्यावर आणलं आणि राग बटणाऐवजी हातात आणला. दणकून वाजवलं. अहो, काय आवाज! एकेक तार वेगळी, खणखणीत, पातेल्यावर पळी मारल्यासारखी. जाड आवाजात तीन सुरांचा नुसता लगदा होत होता, इथे तिन्ही सूर नावानिशी ऐकू येत होते. बंटीने काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, आयला, हे तर आपलंच कायतरी वाटतंय! मला तर नाचावंसं वाटलं. नाचलेच.

राहिली भुणभुण. ती गाणं चालू असेपर्यंत दबून राहायची आणि थांबलं की उगवायची. आणि 'टँकर' मध्ये थांबणं आहेच. पायल ओरडते 'आला!', मग सगळं गप्प, काळजाचा ठोका चुकेल इतकं गप्प, आणि मग 'गेला!' म्हणून परत दणका. ती गप्प जागा म्हणजे गाण्याचा जीव. तिथे भुं झालं की सगळी मजा मातीत. पण मला एक युक्ती सापडली होती. गिटार घेऊन उभ्या जागी हळूहळू वळत गेलं की एका कुठल्यातरी दिशेला भुणभुण जवळजवळ बंद होते. पूर्वी गच्चीवर टीव्हीचा अँटेना फिरवायचे आणि खालून कुणीतरी 'आलं आलं' ओरडायचं, तसंच. शेडमध्ये ती दिशा पेरूच्या झाडाची होती. मी पेरूकडे बघून वाजवायचे.

स्पर्धेच्या दिवशी मम्मीने पप्पांना आणलं. कसं आणलं ते विचारू नका, तुमच्या बहिणीला तुम्ही ओळखता. इस्त्रीचा शर्ट घालून, दुसऱ्या रांगेत, मांडीवर हात ठेवून पप्पा बसलेले मी पडद्यामागून पाहिले. मामा, त्यांनी मला कधीच वाजवताना पाहिलं नव्हतं. दरवेळी ते गच्चीवर. मी ठरवलं, आज त्यांना ती भुणभुण ऐकू द्यायची नाही. एकदाही नाही. आज जर ते गच्चीवर न जाता शेवटपर्यंत बसले, तर उद्या तुमच्याबद्दलही त्यांच्याशी बोलता येईल, असा माझा हिशोब होता.

पण रोषणाई कुणाची होती, सांगा बरं? आपल्या लखन डेकोरेटरची! सनीच्या हळदीचा मांडव ज्याने घातला तोच. त्याने जेवढ्या म्हणून माळा, चक्रं, धुराची यंत्रं आणि झगमग दिवे होते ते सगळे माझ्यावरच्या प्रेमापोटी स्टेजवर आणून लावले. दुपारी दिवे बंद असताना तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं. संध्याकाळी दिवे लागले आणि गिटारने असा हंबरडा फोडला की निवेदक दोन पावलं मागे सरकला. मी फिरायला लागले. लोकांकडे तोंड, भुंऽऽऽ. उजवीकडे, भुंऽऽऽ. डावीकडे, त्याहून मोठी भुंऽऽऽ. शांतता फक्त एका दिशेला होती, मागच्या काळ्या पडद्याकडे. म्हणजे लोकांकडे, परीक्षकांकडे आणि माझ्या जन्मदात्याकडे सरळ सरळ पाठ!

केली पाठ. काय करणार? पहिली दोन गाणी मी पडद्याला ऐकवली. पोरंसोरं शिट्ट्या मारत होती, त्यांना ती स्टाइल वाटली. पण पप्पांना काय वाटलं ते मला नंतर मम्मीने सांगितलं. ते म्हणाले, बघ, पोरीने माझ्याकडे पाठ केली, मामाचा राग काढतेय. आणि उठले. रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत, 'माफ करा, माफ करा' करत दाराकडे निघाले.

मला यातलं काही दिसत नव्हतं. माझ्यापुढे पडदा. 'टँकर' सुरू झालं, पायलने 'आला!' म्हणून आरोळी ठोकली, सगळं गप्प झालं, आणि मला राहवेना. पप्पा बसलेत का हे एकदा बघावं म्हणून मी वळले. खुर्ची रिकामी! आणि मी वळल्यामुळे, त्या सगळ्या शांततेत, लखनच्या शंभर दिव्यांसकट: भुंऽऽऽऽऽ! बंटीच्या काठ्या हवेत तशाच. पायल माझ्याकडे अशी बघतेय की गिटारनंतर मलाच पटाशी लावणार. मी रडायच्या बेतात होते.

तेवढ्यात दारातून आवाज आला. पप्पांचा. मामा, पप्पांचा आवाज तुम्हाला माहीत आहे, भीमगीतांच्या कार्यक्रमात पेटी वाजवता वाजवता कोरसला दरडावणारा. ते दारात थांबले होते, मान वाकडी करून, एक बोट वर. आणि ओरडले, "पांढरी पाच! अगं, ती पांढरी पाच देतेय! किंचित चढी आहे! तुम्ही पांढरी सहात काय बोंबलताय? खाली या, पट्टी धरा!"

मला आधी कळेचना. मग डोक्यात उजेड पडला. ती भुणभुण हा सूर आहे! पेटीची पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी. वीज मंडळाने फुकट लावून दिलेला तंबोरा, आणि आम्ही त्याच्या डोक्यावर दोन घरं वर चढून भलत्याच पट्टीत गळा काढत होतो, टोचणार नाही तर काय होईल? पप्पा तोवर सगळ्यांचे गुडघे परत ओलांडून पार स्टेजपाशी. हाताने खूण करताहेत, अजून चढव, अजून, हां, बास! भुं किंचित चढी होती तेवढ्यापुरत्या मी खुंट्या पिळल्या, पायलने बेसच्या पिळल्या, मधल्या वेळात बंटीने ड्रमवरच सरळ नाशिक ढोलाचा ठेका धरला. हॉल टाळ्या देऊन उभा. आणि मग आम्ही दोन घरं खाली उतरून, लोकांकडे तोंड करून, 'टँकर' पहिल्यापासून घेतलं. 'आला!' झालं, सगळं थांबलं, आणि त्या थांबलेल्या जागेत ती भुं अशी काही लागली, अशी काही भरून राहिली, की पायलने तोच सूर धरून नुसता 'आ' लावला. अंगावर काटा आला, मामा. खाली पप्पा डोळे मिटून मांडीवर ताल धरत होते. मागची कॉलेजची पोरं ओरडत होती, 'पांढरी पाच! पांढरी पाच!' त्यांना वाटलं हेच बँडचं नाव.

बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं. एक ढाल, आणि त्याच संगीताच्या दुकानात डबल कॉइल मोफत बसवून द्यायचं कुपन. बंटीने ते माझ्या हातात द्यायच्या आधी पप्पांनी घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि खिशात घातलं. म्हणाले, या गिटारला कुणी हात लावायचा नाही.

परत येताना मी आणि पप्पा स्कूटरवर, मध्ये गिटार. द्वारकेच्या सिग्नलला थांबलो तेव्हा ते मागे न बघता म्हणाले की बारकूचा बँजोसुद्धा पांढरी पाचातच लावलेला असायचा ना? मी म्हटलं, हो, कायम. मग म्हणाले, मुद्दाम का योगायोगाने? मी म्हटलं, ते मामांनाच विचारा. सिग्नल हिरवा झाला, मागच्या रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवून आकाश डोक्यावर घेतलं, तरी पप्पांची स्कूटर हलेना.

बाकी सगळं ठीक. मामींना जय भीम, शेळीला गोंजारणं.

तुमची भाची,
चैताली

ता. क. - मुख्य काम सांगायचं राहिलं. जयंतीला कॉलनीच्या कार्यक्रमात यंदा पप्पांची पेटी आणि 'फ्यूज' एकत्र वाजणार आहेत. पट्टी कुठली ते सांगायला नको. बँजोची जागा रिकामी आहे. तुमचा तोच जुना बँजो घेऊन या, दुरुस्त वगैरे करून आणू नका. पप्पांनी स्वतः जाऊन लखनला सांगितलंय की दिव्यांत काटकसर करू नकोस, सूर उतरेल.

ता. क. २ - वर मी पप्पा झोपलेत असं लिहिलंय ते खोटं आहे. लिहिलेलं पुटपुटत वाचायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. आत्ता आतून आवाज आला की खुर्ची दुसऱ्या नाही, तिसऱ्या रांगेत होती. म्हणजे त्यांनी पहिल्यापासून सगळं ऐकलंय आणि फक्त रांगेबद्दल तक्रार आहे.

ता. क. ३ - आता ते अंघोळीला गेलेत (पेटीवर बसायच्या आधी करतात), म्हणून घाईत खरं ते लिहिते. गेले काही दिवस पप्पा नळ सोडून बाथरूममध्ये एक वाक्य घोकताहेत. 'बारकू, माझं चुकलं.' नळाच्या आवाजात आपल्याला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. कधी रागात म्हणतात, कधी साहेबी थाटात, आणि काल तर चक्क गाऊन पाहिलं. मम्मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होती, तिचे डोळे पुसायला तोच कामी आला. पण मामा, हे वाक्य त्यांच्याच्याने तुमच्या तोंडावर निघणार नाही, मी त्यांना चांगली ओळखते. नाशिक रोडच्या फलाटावर ते तुमच्या हातातली बँजोची पेटी घेतील, इकडेतिकडे बघतील आणि विचारतील, 'गाडीला गर्दी होती का रे?' तर तेच ते वाक्य आहे असं समजा. आणि नांदगावपासून एका पायावर उभे राहून आला असाल तरी म्हणा, 'नव्हती, दाजी.'